अनमान करू नका

पहाटेचे पावणेसहा. नांदेडच्या फलाटावर गाडी लागते तेव्हा डब्यातली निम्मी माणसं झोपेत आहेत. मी टक्क जागी. माझ्या पोटातलं घड्याळ अजून साडेतीन तास पुढं चालतंय. तिकडे सव्वानऊ वाजलेत. पहिला तास अर्ध्यावर आला असेल आणि माझ्या जागी आलेली नवी बाई फळ्यावर स्वतःचं नाव काताकाना लिपीत लिहीत असेल. तीन वर्षांपूर्वी मीही लिहिलं होतं. मुलं हसली होती.

मावशी पुलाखाली उभी आहे. हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. ती बाटली पुढं करते आणि मला खालून वरून बघते.

"किती वाळलीस गं माय. जेवायला देत नव्हते का तिथं?"

परत आल्यापासून हाच प्रश्न. मुंबईच्या मामानं विचारला, फोनवर काकूंनी विचारला. नोकरी का सोडलीस, हे अजून कोणी विचारलेलं नाही. जपानच्या उत्तरेकडच्या एका गावात, माध्यमिक शाळेत, इंग्रजी शिकवायला मदत करणारी परदेशी शिक्षिका म्हणून मी तीन वर्षं होते. करार मार्चअखेर संपला. पुढचा केला नाही.

रिक्षा घराकडे न जाता गुरुद्वाऱ्याकडे वळते. मावशीचा नियमच आहे. नांदेडात उतरलं की आधी हुजूर साहिबला माथा टेकायचा, लंगरात बसायचं, मग घर. आमचं सगळं माहेर माळकरी. मावशीच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माळेवरून पदर, पदर डोक्यावर. यात कुणाला काही वेगळं वाटत नाही, तिला तर नाहीच.

चपला ठेवायच्या खिडकीशी रांग. आतला पांढऱ्या दाढीचा माणूस माझ्या धुळीनं भरलेल्या चपला दोन्ही हातांनी घेतो आणि बिल्ला देतो. बघितलं तर घड्याळ चांगल्या कंपनीचं, मनगटात जाड कडं. पायऱ्यांशी पाणी वाहतंय, त्यातून पाय बुडवून पुढं जायचं. संगमरवर अजून गार आहे. एप्रिल अर्धा सरलाय. अकरा वाजता आलो असतो तर याच फरशीवरून तळपाय उचलत पळावं लागलं असतं.

रांगेत पुढं एक पंजाबी कुटुंब आहे. सचखंड एक्सप्रेसनं अमृतसरहून आलेलं. दीड दिवसाचा प्रवास, लहान पोरगं बापाच्या खांद्यावर मान टाकून झोपलंय. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथंच, गोदावरीच्या काठी, देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात आजची वास्तू उभी केली. पंजाबातल्या माणसाला नांदेड म्हणजे काशी. आमच्यासाठी ते मावशीचं गाव.

लंगराचा आवाज लंगर दिसायच्या आधी येतो. स्टीलवर स्टील. हजार ताटं एकदम कुणीतरी पायऱ्यांवरून सोडून द्यावीत तसा. दाराशी एक मुलगा ताट हातात देतो, दुसरा वाटी, तिसरा चमचा. लांबलचक पट्ट्या अंथरल्यात. त्यावर मांडी घालून बसायचं, शेजारी कोण आहे ते बघायचं नाही. माझ्या डाव्या बाजूला मावशी. उजव्या बाजूला हाताला चुन्याचे डाग असलेला मजूर. समोरच्या ओळीत दोन कॉलेजची पोरं, त्यांच्या पलीकडं एक बाई, सोन्यानं मढलेली. वर पंखे आहेत पण वारा भट्टीकडून येतोय. डाळीची वाफ, तुपाचा वास, ओल्या फरशीचा वास.

बादली घेऊन डाळवाला येतो. पळीभर डाळ, पुढं. मग पोळीवाला. "परशादा जी, परशादा." मी सवयीनं ताट पुढं करते. तो थांबतो. मी एक हात पुढं करते. तो थांबलेलाच. मावशीचं कोपर माझ्या बरगडीत.

"दोन्ही हात गं."

मी ओंजळ करते. पोळी ओंजळीत पडते. गरम. शेजारचा मजूर ओंजळीतली पोळी कपाळाला लावतो आणि मग ताटात ठेवतो.

मी त्याच्याकडं बघत राहते. जपानमध्ये जेवणाआधी सगळे हात जोडतात आणि म्हणतात, 'इतादाकिमास'. पहिल्या आठवड्यात मला त्याचा अर्थ सांगितला गेला, 'मी घेते'. नम्रपणे घेते. पुढं कांजी अक्षरं शिकताना कळलं की ते अक्षर माथ्याचं आहे. डोंगराच्या शिखराला आणि डोक्याच्या टाळूला वापरतात ते. वरिष्ठानं दिलेली वस्तू दोन्ही हातांत घेऊन डोक्याच्या वर उचलायची, त्या हालचालीतून हे क्रियापद आलं. तिथं आता हालचाल गेली, शब्द राहिला. नांदेडच्या या मजुराकडे शब्द नाही.

"काय बघलालीस? जेव की."

मी जेवते. डाळ दाट आहे, मीठ बेताचं. खीर येते. पुन्हा पोळीवाला येतो, पुन्हा ओंजळ. सहा वाजून चाळीस मिनिटं झालीत आणि मी तीन पोळ्या खाल्ल्यात.

तिकडे दुपारी मी एकतीस मुलांबरोबर जेवत होते. रात्री एकटी. दहा बाय बाराची खोली, खिडकीशी टेबल, समोर दुकानातून आणलेला डबा. रामेनच्या दुकानांतही ओट्याशी एकेक स्टूल, प्रत्येक जण आपल्या वाडग्यात बघतो, फुर्र फुर्र आवाज करत शेवया ओढतो, पैसे देतो, उठतो. आवाज करण्याला तिथं कुणी नाव ठेवत नाही. बोलायला मात्र कुणी नसतं. पहिलं वर्ष ते फार छान वाटलं. कुणी विचारत नाही, कुणी वाढत नाही, कुणी बघत नाही. तिसऱ्या वर्षी मी दूरचित्रवाणी संच घेतला, फक्त जेवताना लावायला. करार पुढं का वाढवला नाही, याचं शाळेला दिलेलं कारण वेगळं होतं.

उठायचं. ताट आपणच उचलून न्यायचं. धुण्याच्या हौदाशी पुरुषांची ओळ, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या. एक ताट चार हातांतून जातं. उष्टं काढणारा, साबणाचा, पहिल्या पाण्याचा, दुसऱ्या पाण्याचा. कुणी कुणाचं नाव विचारत नाही. मावशी पदर खोचते आणि ओळीत शिरते.

"तू बस तिकडं. तू पाहुणी आहेस."

मी बसत नाही.

*

नांदेड ते लातूर एसटी. लोहा, अहमदपूर, चाकूर. दुपारी साडेबाराची गाडी एक वाजता हलते. आत लोखंडाला हात लागत नाही. खिडकीची काच बंद केली तर गुदमरतं, उघडली तर भट्टीचं दार उघडल्यासारखं. वाहक अर्धं तिकीट फाडतो. बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, मी जपानला जायच्या जेमतेम पंधरवडा आधीपासून. त्याचा लाभ आज पहिल्यांदा.

शेजारी पन्नाशीची बाई. मांडीवर फडक्यात बांधलेली शिदोरी. लोहा मागं पडतं आणि ती गाठ सोडते. ज्वारीच्या भाकरी, बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा, एक कांदा. कांदा ती खिडकीच्या दांडीवर मुठीनं फोडते.

"घ्या ताई."

"नको नको, तुम्ही जेवा."

"घ्या की वं."

"खरंच नको. आत्ताच जेवलेय."

"अनमान करू नका."

हा शब्द मी तीन वर्षांत ऐकलेला नाही. त्याच्या जुळ्या भावाला मात्र रोज भेटत होते. 'एन्रियो'. शिक्षकांच्या खोलीत कुणी प्रवासाहून आलं की प्रत्येकाच्या टेबलावर एकेक मिठाई ठेवायचं. कुणाच्या घरी गेलं की खाणं पुढं यायचं आणि 'एन्रियो करू नका' म्हणायचे. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही थोडं मागं सरायचं, मग घ्यायचं. थेट लातूरची रीत. फरक एकच आहे. मी एकदा खरंच तीनदा नको म्हटलं, पोट भरलं होतं म्हणून. यजमानीण बाईंनी हसून बशी आत नेली. मला रात्रभर वाईट वाटत राहिलं. तिथं नको म्हणजे शेवटी नकोच असतं. इथं नकोला कुणी विचारतच नाही.

"घ्या म्हणते ना." भाकरीचा चतकोर माझ्या हातात आलेलाच आहे. वर ठेचा. दोन्ही हातांनी घेतला हे मला नंतर जाणवतं.

ठेचा जिभेला लागतो आणि डोळ्यांत पाणी येतं. बाई खूश होते. तिकडचं तिखट म्हणजे नाकात जाणारा वासाबी, क्षणात चढतो, क्षणात उतरतो. हा अहमदपूरपर्यंत उतरत नाही.

तिकडे रोजच्या लोकलमध्ये कुणी खात नाही. चालता चालता खाणंही बरं दिसत नाही. लांबच्या गाडीत मात्र डबा उघडायला मुभा, आणि स्टेशनास्टेशनावर त्या त्या गावचे डबे मिळतात. इथं बसमध्ये एकदम काकडीवाला चढतो, शेंगावाला चढतो, थंड पाण्याच्या बाटल्यांचा पोरगा मागच्या दारानं येतो. मी शेंगा घेते. फोलपटं रुमालात गोळा करते. जपानमध्ये रस्त्यावर कचरापेटी सापडत नाही, ज्यानं त्यानं आपला कचरा घरी न्यायचा, ती सवय. बाई थोडा वेळ बघते.

"शेळीला नेताव का?"

सगळी मागची बाकं हसतात. मीपण. अहमदपूरच्या स्टँडवर उसाचा रस पिते. रुमाल पिशवीत तसाच.

बाई चाकूरला उतरते. उतरता उतरता उरलेली भाकरी फडक्यासकट माझ्या मांडीवर ठेवते. फडकं परत कसं द्यायचं, हे विचारेपर्यंत गाडी हलते.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला जिल्हा परिषदेची शाळा. लातूरपासून बावीस किलोमीटर. ताई इथं चौथीला शिकवते. उन्हाळ्यामुळं शाळा सकाळची. लिंबाखाली सावली आहे, बाकी पटांगण आत्ताच पांढरं दिसतंय. स्वयंपाकखोली म्हणजे पत्र्याची शेड. दोन मावश्या, एक मोठं पातेलं, डोळ्यांत धूर. आज मटकीची खिचडी.

शिजलं की आधी एक वाटी मुख्याध्यापकांकडं जाते. ते चव घेतात, चवीच्या नोंदवहीत वेळ आणि सही. "मीठ बरोबर" असा शेरा. मी वही हातात घेऊन बघते. रोजच्या पानावर हाच शेरा आहे. माझ्या जपानच्या शाळेतही मुख्याध्यापक सगळ्यांच्या आधी एकटे जेवायचे. मुलांना द्यायच्या आधी त्या ताटातला प्रत्येक पदार्थ त्यांनी खाऊन बघायचा आणि नोंद करायची. तेही बहुतेक रोज एकच शेरा लिहीत असतील.

साडेनऊला थाळी वाजते. मुलं दप्तरातून आपापली ताटं काढतात. बसकरपट्ट्या व्हरांड्यात पसरतात, दोन ओळी समोरासमोर. एक मुलगी एकदम मोठ्यानं श्लोक सुरू करते आणि बाकीची तिच्यामागून. हात जोडलेले, डोळे मिटलेले, पण एकेक पापणी थोडी उघडी, पातेलं कुठवर आलंय ते बघायला. तिकडेही हात जोडताना एकेक पापणी उघडी असायची.

मावशी पळीनं वाढतात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाचं १०० ग्रॅम धान्य, सहावी ते आठवीच्या मुलाला १५०. ताई हे आकडे झोपेतही सांगेल. ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं. मोठ्यांना ७०० आणि २०. ही देशव्यापी योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. अनेक राज्यांत त्या वेळी मुलांच्या हाती कोरडा तांदूळच पडायचा. शिजवलेलं अन्नच द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये बजावलं. आता तिचं नाव बदललंय. मुलांच्या तोंडी मात्र खिचडीच. "मॅडम, खिचडी झाली का?"

तिकडे वाढायचं काम मुलांचं. आठवडाभर पाळी असते. पाळीतली मुलं पांढरे डगले चढवतात, टोपी, तोंडाला मास्क, आणि स्वयंपाकघरातून जड भांडी दोघं दोघं मिळून वर्गात आणतात. भात, सूप, एक भाजी किंवा मासा, २०० मिलिलिटर दूध. तेरा वर्षांचा पोरगा पळी धरतो तेव्हा त्याच्या कपाळावर आठी येते, कुणाला एक तुकडा जास्त गेला तर वर्गात कज्जा होईल म्हणून. सगळ्यांची ताटं भरेपर्यंत कुणी घास घेत नाही. मग एक जण पुढं येऊन हात जोडतो आणि वर्ग एका आवाजात 'इतादाकिमास' म्हणतो. उरलेलं कुणाला, हे दगड-कात्री-कागदावर ठरतं. जेवण संपलं की दुधाची खोकी धुवून, कापून, वाळत घालायची. आणि मग 'गोचिसोसामा'. जेवण झाल्यावरचा शब्द. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव. पाहुण्याला जेवू घालायला यजमान इकडून तिकडं धावला, त्या धावाधावीला नमस्कार.

मी माळकऱ्यांच्या घरची, माझ्या ताटात मात्र अर्धंच असायचं. सूपमध्ये दाशी असते, दाशीत वाळवलेल्या माशाचा कीस. हे मला दोन महिन्यांनी कळलं. तोवर रोज वाडगाभर मिसो सूप पिऊन मी घरी फोनवर सांगत होते की इथलं वरण छान असतं. आईला हे मी अजून सांगितलेलं नाही, आणि हे छापून आलं तर ताईनं वाचून दाखवू नये.

आमच्या तिकडच्या गावाहून गाडीनं तासाभरावर त्सुरुओका नावाचं शहर आहे, यामागाता प्रांतात. जपानमधलं शाळेतलं जेवण तिथं १८८९ मध्ये सुरू झालं असं मानतात. एका बौद्ध मंदिरात गरिबांच्या मुलांसाठी शाळा होती. मुलांना डबा आणता येत नव्हता. भिक्षू दारोदार फिरून तांदूळ मागून आणायचे आणि भाताचे गोळे, खारवलेला मासा, लोणचं द्यायचे. हे मला तिथल्या एका शिक्षिकेनं सांगितलं तेव्हा मला एकदम माधुकरी आठवली. आमचे आजोबा लातुरात वार लावून शिकले. सात दिवस सात घरं. मंगळवारचं घर कंजूष होतं, असं ते मरेपर्यंत सांगायचे.

युद्धानंतर जपानच्या शाळांत अमेरिकेतून आलेली दुधाची भुकटी आली. पाव आला. १९५४ मध्ये शालेय भोजनाचा कायदा झाला. भात शाळेत रीतसर परतायला १९७६ उजाडलं. शाळेचे म्हातारे शिपाईकाका त्या दुधाच्या वासाचं वर्णन करताना नाक दाबायचे. आमच्याकडं १९७२ च्या दुष्काळातली माणसं मिलो म्हटलं की तसंच तोंड करतात. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी. भाकरी थापली जात नव्हती, खाल्ली तर गिळत नव्हती. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची, ती मात्र आवडायची. आजीनं शेवटपर्यंत घरात लाल धान्य येऊ दिलं नाही.

व्हरांड्यात ऊन सरकलंय. पहिल्या ओळीतली मुलं मांड्या आक्रसून मागं सरतात. दुसरीतला एक मुलगा मला विचारतो, "मॅडम, तिथं बेडूक खातात का?"

"नाही."

"मग काय खातात?"

"भात."

तो निराश होतो. मी काड्यांनी खातात म्हणते. तो लगेच लिंबाच्या दोन काड्या मोडून आणतो. खिचडी काड्यांवर राहत नाही. मटकीचा एक दाणा उचलला जातो, सगळे ओरडतात. मग तो काड्या खिचडीत उभ्या रोवून ठेवतो आणि माझ्या अंगावर शहारा येतो. भातात उभ्या काड्या तिथं फक्त मेलेल्या माणसापुढं. काड्यांनी काड्यांना घास द्यायचा नाही, कारण चितेनंतरची हाडं तशी उचलतात. मी वाकून काड्या काढून आडव्या ठेवते. ताई विचारते काय झालं. मी सांगते. ती म्हणते, "मग त्यात काय, आपणही दक्षिणेकडं तोंड करून जेवत नाहीच की."

पातेलं खरवडल्याचा आवाज. कुणीतरी तिसऱ्यांदा घेतोय. टाकीशी ताटं धुवायला रांग. नळाला बारीक धार. एका ताटात पाणी घ्यायचं, त्यानं पुढचं ताट धुवायचं, त्याचं त्यानं पुढचं. कोणी शिकवलं नसावं. धुतलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात.

*

दुपारी बाराला वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, डबा पोचवायचा. अण्णा मार्केट यार्डात अडत दुकानात मुनीम आहेत. वाटेत गंजगोलाई. मधोमध देवीचं देऊळ, भोवती गोल बाजार, त्यातून सोळा रस्ते फुटतात. १९१७ पासून हा गोल असाच फिरतोय. आज रिक्षाही फिरत नाही इतकी गर्दी.

यार्डात हरभऱ्याचे ढीग. सोयाबीन कमी दिसतं. भाव वाढेल म्हणून ज्यांना जमतं त्यांनी घरात ठेवलंय. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, आणि तो आकडा इथं कुणी शिवीसारखा उच्चारतो, कुणी देवाच्या नावासारखा. हमालांच्या पाठीवर घामानं चिकटलेलं भूस. पोत्यांच्या मधून दोन म्हाताऱ्या केरसुणी आणि सूप घेऊन सांडलेले दाणे गोळा करतायत. एकेक. माती पाखडून दाणे पदरात.

अण्णा डबा उघडत नाहीत. आधी मला विचारतात, "ते काय आणलंयस म्हणाली तुझी आई, सोयाबीनचं?"

मी पिशवीतून मिसोचं पाकीट काढते. आंबवलेल्या सोयाबीनचा तपकिरी लगदा. अण्णा वास घेतात. बाजूचा अडत्या वास घेतो. दोन हमाल येतात.

"हे खातात?"

"रोज. सकाळी. याचंच पनीरसारखं करतात, तोफू. याचंच कालवण, याचंच काळं पाणी मिठाऐवजी. आंबवून तारा सुटतात तसंही खातात."

"आपल्याकडं तेल काढायचं आणि पेंड कोंबड्यांना." अण्णा म्हणतात. "आणि त्यांच्याकडं पिकतं किती?"

"गरजेच्या दहावा भागही नाही. बाहेरून आणतात."

अण्णा समोरच्या ढिगाकडं बघतात. त्यांच्या लहानपणी या जिल्ह्यात ज्वारी होती. आता रान सगळं सोयाबीन, आणि भाकरी महाग. जपानमध्ये १९६२ मध्ये माणशी वर्षाला ११८ किलो तांदूळ खपायचा. आता निम्म्याहून कमी. तिथले म्हातारेही पोरं भात खात नाहीत म्हणतात. मी हे अण्णांना सांगते. ते बोट मिसोत बुडवून जिभेला लावतात.

"खारट आहे," म्हणतात, आणि डबा उघडतात.

*

लातूर म्हटलं की तिकडे कुणाला काही कळायचं नाही. निरोपाच्या कार्यक्रमात मी भूकंप म्हटलं. किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला चार मिनिटं कमी. जवळजवळ दहा हजार माणसं. सभागृहात माना हलल्या. तेवढी एक गोष्ट त्यांना नकाशाशिवाय समजली. त्या दिवशी शाळेच्या जेवणात लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात होता. सेकिहान. शुभकार्याला करतात. कुणाच्या जाण्याला शुभ म्हणायचं, हे मला जरा लागलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, तुझ्या घरी आज कुणीतरी आनंदात असेल ना.

संध्याकाळचे साडेसात. घर. भिंती अजून गरम. मी आज ठरवलंय, सगळ्यांनी एकदम बसायचं. आधी पुरुष आणि पोरं, मग आम्ही, शेवटी तव्यापाशी उभी आई, असं नाही. आईला हे पटलेलं नाही.

"गार भाकर कोण खाणार?"

"मी खाईन."

"तू काहीपण खाशील. तिथं कच्चं खात होतीस."

वहिनी आणि मी भाकरी आधीच करून दुरडीत ठेवल्यात, फडक्यात गुंडाळून. चाकूरच्या त्या बाईचंच फडकं. वरण, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. वरणात मी गुपचूप चमचाभर मिसो घातलाय. सात ताटं मांडलीत. आई बसते, पण मांडी घालत नाही. एक पाय उभा, उठायच्या तयारीत. कितीतरी वर्षांची ती बसण्याची पद्धत आहे.

"मांडी घाल, आई."

"घातली बाई."

भाचा सात वर्षांचा. त्याला शब्द पाठ झालाय. तो हात जोडतो, सगळ्यांकडं बघतो, अण्णाही हात जोडतात, आईसुद्धा पदर सावरून जोडते. तो श्वास घेतो.

"इतादा..."

गल्लीतून हाक येते. "नळ आला ऽऽऽ!"

आई कधी उठली ते दिसत नाही. ती मागच्या दारातून बाहेर आहे. वहिनी घागरी घेऊन पळते, दादा मोटर लावायला, अण्णा धोतर खोचून पाइप ओढतायत. भाचा कळशी घेऊन धडपडतो. शेजारच्या घरांतही हेच, भांड्यांचा खणखणाट गल्लीभर. एप्रिल २०१६ मध्ये या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं. १२ तारखेच्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हापासून आमच्या घरात रिकामं भांडं दिसलं की आईला झोप येत नाही.

मीही उठते. माझ्या वाट्याला दोन पिंपं आणि न्हाणीतला हौद. पाणी आधी गढूळ येतं, मग स्वच्छ.

दुरडीत चौदा भाकरी आहेत. आजचा नळ आठव्या दिवशी आलाय आणि पाऊण तास राहणार आहे.